वास धरणारं पान

आमच्या घरात भाकरी कडू लागायची. जोंधळा वाईट नव्हता, आईचे हात कडू होते. सांगलीच्या एका वखारीत ती तंबाखूच्या पानांचे देठ मोडायची आणि शिरा ओढायची. संध्याकाळी घरी आली की राखेनं हात घासायची, चिंचेनं घासायची, विटेच्या तुकड्यानं घासायची. तरी पीठ मळायला घेतलं की तो काळा चिकट कडूपणा पिठात उतरायचाच. दादा आणि मी तीच भाकरी खाऊन वाढलो. मैत्रिणीच्या घरी मी पहिल्यांदा जेवले, तेव्हा मला त्यांची भाकरी आळणी वाटली होती.

वडील पलूसला दुसऱ्याच्या मळ्यात मोटेवर होते. मी चार वर्षांची असताना पटकीनं गेले. आई आम्हा दोघांना घेऊन सांगलीला आली, ती थेट वखारीतच. पावसाळ्यात पान ओलं असायचं, त्या दिवसांत तिला भोवळ यायची. मागच्या गटारापाशी जाऊन ओकायची, चूळ भरायची आणि परत येऊन बसायची. मी मॅट्रिक झाले ती त्या वखारीच्या ओट्यावर अभ्यास करून. पुढं कॉलेजात नाव घातलं, नादारी मिळाली, फी माफ झाली, म्हणून जमलं. सकाळी कॉलेज, दुपारी वखारीत शेठची इंग्रजी पत्रं लिहायची. हे मी लपवत नाही. मी कशावर शिकले ते सांगायची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची, आणि ती सांगायची तर रंगूनआबांबद्दल लिहावं लागतं.

आबा मूळचे वडूजकडचे. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर हमाल म्हणून बाहेर पडले आणि फिरत फिरत रंगूनला जाऊन राहिले ते वीस-बावीस वर्षं. तिथं एका कारखान्यात सिगार वळायला शिकले. जपान्यांनी रंगूनवर बाँब टाकले तेव्हा हजारो माणसं डोंगर-जंगलातून चालत हिंदुस्थानात आली, त्यांत आबा होते. बेचाळीसच्या पावसाळ्यात ते वखारीच्या दारात उभे राहिले तेव्हा अंगावर लष्करी सदरा, पायात बिननाड्यांचे बूट, बगलेत एक गाठोडं आणि डाव्या पायाची दोन बोटं नाहीत, असा अवतार होता. आमच्या शेठचा धंदा खायच्या तंबाखूचा आणि विडीच्या जर्द्याचा. पण लढाईमुळं विलायती सिगार यायच्या बंद झाल्या होत्या, आणि साताऱ्या-महाबळेश्वरचे साहेब लोक सिगारवाचून कासावीस झाले होते. शेठनं म्हाताऱ्याला चार पानं दिली आणि म्हणाले, दाखव करून.

आबांनी ती पानं गालाला लावून बघितली. मग मांडी घालून बसले आणि जे केलं ते मी पुढं वर्षभर रोज पाहिलं, तरी कंटाळले नाही.

सिगारचे तीन भाग असतात. आबा त्यांना पोट, बंडी आणि शालू म्हणायचे. पोटात लांब पानं जायची, तुकडा नाही, चुरा तर नाहीच. एकेक पान ते उभं दुमडायचे, साडीच्या निरीसारखं, आणि मुठीत एकाशेजारी एक धरायचे. निऱ्यांमधून वाट राहिली पाहिजे, म्हणायचे. ‘वारं जायला बोळ पायजे. बोळ न्हाई तर माणूस आतल्या आत गुदमरतो, तशी सिगार गुदमरती.’ जाड पानं मधोमध, कारण ती सावकाश जळतात. पातळ पानं कडेला. त्यावर बंडी, म्हणजे एक धट्टंकट्टं पान, जे पोटाला आवळून धरतं. मग ती कांडी लाकडी साच्यात दाबून ठेवायची. आणि सगळ्यांत शेवटी शालू. शालूचं पान रेशमासारखं, एक शीर उठलेली नको, एक भोक नको. ते तिरपं लावून बोटांच्या पेरांनी फिरवत फिरवत टोकापर्यंत न्यायचं, आणि टोकाला खळीच्या एका बोटानं गोल टोपी चिकटवायची. तयार झालेली सिगार वीतभर लांब आणि माझ्या दोन अंगठ्यांएवढी जाड. आबा ती कानाशी धरून हळूच दाबायचे. कुरकुरली तर कोरडी, काहीच बोलली नाही तर ओली. थोडंसं बोलली की बरोबर.

पान मात्र आधी मुरावं लागायचं. वाळलेल्या पानांची कमरेएवढी थप्पी रचायची, वर पोती घालायची आणि आतल्या आत तापू द्यायची. आबा खांद्यापर्यंत हात आत घालून ऊब बघायचे, गाभण म्हशीच्या पोटाला हात लावावा तसा.

आणि त्यांचा सगळ्यांत मोठा नेम वासाचा. ‘पान मुकं हाय, पर वास धरतंय,’ हे ते दिवसातून चारदा बोलायचे. आपण दूध झाकतो तसं ते पान झाकायचे. कामाच्या दिवशी कांदा नाही, लसूण नाही. जेवायचे ते बाहेर लिंबाखाली आणि हात धुवायचे बेसनानं. हौसा नावाची एक पोरगी एकदा मोगरा माळून आली. आबांनी तिला ओरडून हाकललं नाही. तिच्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, बाई, आज तू घरी जा, तुझी हजेरी मी भरून देतो. शेठचे एक व्याही अत्तर लावून सिगारखाना बघायला आले, तर आबा पानांवर ओलं फडकं टाकून दाराकडं पाठ करून उभे राहिले, ते जाईपर्यंत. व्याही रागावले. शेठ हसले, कारण तोवर माल खपू लागला होता.

जंगलातून चालून आबांचे गुडघे कामातून गेले होते. उठताना दोन्ही हात जमिनीला टेकून उठायचे. आईनं त्यांना आमच्याकडचा गाडीवानांचा उपाय सांगितला. बैलगाडीच्या आसाचं काळं वंगण घ्यायचं, त्यात रॉकेल घालायचं आणि गुडघ्याला चोळायचं. आबा म्हणाले, ‘आक्का, गुडघं ऱ्हातील, पर पान जाईल. त्यो वास पानानं धरला तर साहेबाच्या तोंडात गाडी चालंल.’ बायका पदर तोंडाला लावून हसल्या. उपाय त्यांनी केला नाही.

एका शनिवारी मी त्यांच्याजवळ वही घेऊन बसले. शेठला पेटीवर चिकटवायला इंग्रजीत चार ओळी हव्या होत्या, सिगारची चव कशी आहे त्याच्या. आबा आठवड्यातून एकच सिगार पेटवायचे, शनिवारी दुपारी, नमुना म्हणून. काडीची ज्योत टेकवायचे नाहीत, लांबून शेक द्यायचे. धूर गिळायचा नाही, जिभेवर घोळवायचा आणि सोडून द्यायचा. पहिली तीन बोटं सिगार जळेपर्यंत ते म्हणाले, लिही, भाजलेला हरभरा. मधल्या भागाला म्हणाले, ‘गुऱ्हाळात काहिलीच्या तळाला खरवड ऱ्हाती का न्हाई, करपल्याली, तरी गोड? त्येच.’ शेवटी शेवटी मिरं आलं आणि नव्या वहाणेचं कातडं आलं. राख इंचभर वाढली तरी पडेना. आबांनी ती मला दाखवली. पांढरी, एकसारखी, विणल्यासारखी. खरवडीला इंग्रजी शब्द मी कॉलेजच्या मोठ्या कोशात दोन दिवस शोधला. सापडला नाही. शेवटी मी नुसतं जळकी साखर लिहिलं. आबांना अर्थ सांगितला तर ते म्हणाले, कमी पडलं, पर चालंल.

एवढा कारागीर माणूस, पण भित्रा. हे मी माझं मत म्हणून सांगत नाही. आबा भित्रे आहेत हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. त्यांचा पाट दाराला लागून, तोंड दाराकडं. बूट पायातच, जेवतानासुद्धा. गाठोडं मांडीला लागून, गाठ मारलेलं. स्टेशनातल्या इंजिनानं शिट्टी दिली की हातातलं पान थांबायचं. एकदा वरून विमान गेलं आणि वळून पाहते तर पाटावर आबा नाहीत. ते पानांच्या फळीखाली होते. त्यानंतर पोरींना खेळच झाला. आभाळात काहीही दिसलं की एकजण म्हणायची, आबा, आलं बघा. दुसरी म्हणायची, आवं घार हाय ती, या भाईर. आबा फळीखालून येऊन कपडे झटकायचे आणि म्हणायचे, ‘हसा. मी भितो. भितो म्हनून हितवर आलो.’

दाराशी का बसता, असं मी एकदा विचारलं. हातातला शालू पुरा झाला, टोपी बसली, मग आबा बोलले. रंगूनच्या कारखान्यात त्यांना शिकवणारी एक म्हातारी ब्रह्मी बाई होती. ती आत बसायची, हे दाराशी. बाँब पडला तेव्हा छप्पर आलं खाली.

‘म्हातारी हाक मारत हुती. माझ्या नावानं. मी ऐकली. आनि पळालो. पार नदीपत्तोर पळालो. माझ्याजवळ दार हुतं म्हनून वाचलो, पोरी. तवापासनं दार सोडत न्हाई.’

मी वही मिटली आणि उठले.

आता दादाचं. दादा गिरणीत कामाला होता, पण बेचाळीसच्या धामधुमीत काम सोडून भूमिगत पोरांत गेला. डोंगरात कुठंतरी त्यांचं चक्रमुद्रणाचं, सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. त्यावर पत्रकं निघायची आणि रातोरात गावोगावच्या चावड्यांवर लागायची. साताऱ्याचा एक गोरा पोलीस साहेब त्यांच्या मागं होता. कडक माणूस. त्याचं नाव निघालं की खेड्यांतल्या बाया पोरांना आत घ्यायच्या. तोच साहेब आमच्या शेठचं मोठं गिऱ्हाईक. दर महिन्याला त्याची पेटी जायची आणि पेटीवर पत्ता माझ्या अक्षरात.

त्रेचाळीसच्या थंडीत दादा एका बाजारच्या दिवशी भर दुपारी घरी आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. धोतरात बांधलेले दोन गठ्ठे त्यानं चुलीमागं ठेवले आणि म्हणाला, चार-आठ दिवस ठेव, भाजीवाली येऊन नेईल. आई कामावर होती. घरात ठेवण्याजोगी जागा नव्हती, एकच खोली, आणि शेजारपाजारचे येऊन बसून राहणारे. मी विचार केला, आणि मला वाटलं फार हुशारीचा विचार केला. वखारीत तंबाखूच्या वासापुढं कुठला वास टिकणार? थप्पीत हात घालायचं धाडस आबांशिवाय कोण करणार? आबांना दोन दिवसांपासून ताप होता, ते घरी होते. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया बाहेर असताना मी पोती उचलली, पानं काढली, गठ्ठे आत सारले आणि पानं परत रचली. पत्रकांची शाई अजून ओली होती. तेलकट, रॉकेलचा भपका असलेली. माझ्या लक्षात यायला हवं होतं. वर्षभर मी रोज ऐकत होते, पान वास धरतं म्हणून.

गठ्ठे अकरा दिवस तिथं राहिले. त्या अकरा दिवसांत मी कॉलेजात काय ऐकलं ते मला आठवत नाही. मोटारीचा आवाज आला की मी उठून दाराशी जायची. भाजीवाली आली, शेवग्याच्या शेंगांखाली घालून गठ्ठे घेऊन गेली, आणि मला वाटलं सुटले.

पण मधल्या काळात आबा कामावर आले होते. ताप उतरला होता, नाक पार बंद होतं. साहेबाची पेटी द्यायची होती म्हणून शेठ थांबेनात. आबांनी बंद नाकानं, नुसता पोत्याखाली हात घालून, त्या थप्पीतली वरची पानं घेतली आणि पंचवीस सिगार वळल्या. पेटी साताऱ्याला गेली. आठवड्यानं, शुक्रवारी, त्यांचं नाक मोकळं झालं. सकाळी ते थप्पीपाशी गेले, एक पान काढलं, हुंगलं. दुसरं काढलं. पोती उचलून आत बघत बराच वेळ उभे राहिले.

दुपारी मी पत्र लिहीत असताना ते शेजारी आले. अगदी हळू विचारलं, ‘शालन, थप्पीत हात घातलास?’

मी म्हणाले, नाही.

‘आईनं?’

‘नाही, आबा. आम्ही कशाला घालू?’

‘बरं,’ म्हणाले आणि गेले.

शनिवारी ते आले ते हातात बाटली घेऊन. पाटाशी बसले, धोतर वर घेतलं आणि सगळ्यांसमोर काळं वंगण आणि रॉकेल गुडघ्यांना चोळायला लागले. बायका बघतच राहिल्या. हौसा म्हणाली, आबा, मी मोगरा माळला तर मला घालवलंसा, आणि हे वो काय? आबा म्हणाले, सोसंना आता, बाई. तेच काळे हात धोतराला पुसून त्यांनी पान उचललं. त्या दिवशी त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. थप्पीतली मधली पानं काढून आपल्या पाटाशेजारी आणून रचली, आणि पाट दारापासून हलवून पार आतल्या भिंतीला नेला. मला वाटलं म्हातारा खचला. वाईटही वाटलं. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा माझ्यापलीकडं काही दिसत नव्हतं.

सोमवारी साताऱ्याहून पत्र आलं. शेठनी मला वाचायला सांगितलं. साहेबानं लिहिलं होतं की या पेटीला तंबाखूचा नसलेला एक वास आहे आणि तो वास माझ्या ओळखीचा आहे. मी गुरुवारी येतो. वळणारा माणूस आणि त्याचं पान, दोन्ही जागेवर असू द्या. मराठीत सांगताना मी एक शब्द गाळला नाही, कारण गाळायचं सुचलंच नाही. शेठ घाम पुसत बसले. आबा आतल्या भिंतीशी पान दुमडत होते. त्यांचा हात थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

मंगळवार, बुधवार. दादाला निरोप द्यायचा तर कुणाकरवी? पळून जायचं तर आईला टाकून कुठं? मी आईला काहीच सांगितलं नाही. ती रात्री भाकरी पुढं ठेवायची आणि मी चघळत बसायची. शेठकडं जाऊन, मी ठेवलं, असं सांगावं हेही मनात आलं. दादाला धरतील, आईचं काम जाईल, माझं कॉलेज जाईल, हे त्याच्या पाठोपाठ आलं. मी गप्प राहिले. लाज वाटते म्हटलं ती याची.

गुरुवारी दुपारी साहेबाची मोटार आली. बरोबर पोलीस. साहेब उंच, नीटनेटका, आवाज न चढवणारा. त्याला मराठी कळत होतं, पण तो बोलायचा इंग्रजीत. म्हणून शेठनी मला मधे उभं केलं. पदरचं काही वेगळं सांगायची सोय नव्हती. त्यानं खिशातून एक सिगार काढली आणि दुसऱ्या खिशातून घडी घातलेला कागद. कागद उलगडून पाटावर ठेवला. ते दादाचं पत्रक होतं. सिगार त्याच्याशेजारी ठेवली आणि म्हणाला, हुंगून बघा, दोन्ही.

आबा थरथर कापत होते. नुसते हात नाहीत, अख्खं अंग, दातसुद्धा. पण सिगार उचलताना बोटं स्थिर झाली. कमानीसारख्या सुरीनं त्यांनी तिची टोपी उडवली, शालू उलगडला, बंडी सोडली, पोट उघडलं. निऱ्या एकेक वेगळ्या केल्या. शालू हुंगला, बंडी हुंगली, मधलं पान हुंगलं. मग साहेबापुढं डोकं टेकलं.

‘साहेब, ह्यो वास माझा हाय. माझ्या गुडघ्याचा. लपवून चोळत हुतो गेला महिना. वंगण अन् राकेल. त्याच हातानं वळलं.’

मी इंग्रजीत सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. साहेबानं मान हलवली, त्याला आधीच कळलं होतं. त्यानं बाटली उघडून हुंगली. आबांच्या पाटाशेजारची पानं हुंगली. मग, मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, तो गोरा साहेब वाकला आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्याशी नाक नेलं. त्यानं धोतर वर सरकवलं. गुडघ्यांवरची कातडी सोलवटली होती. रॉकेलनं भाजून फोड येऊन फुटले होते आणि त्यावर परत तेच काळं चोळलेलं.

साहेब सरळ झाला. पोलिसांनी वखार उलटीपालटी केली होती, काही मिळालं नव्हतं. त्यानं बायांना विचारलं, हा म्हातारा हे कधीपासून लावतो? हौसा पुढं झाली. म्हणाली, आमच्यासमोर शनिवारपासून लावतंय, त्याआधी चोरून लावत असंल, ह्येनंच मला मोगऱ्यापायी घालवलं हुतं. तिच्या आवाजात राग होता, आणि तो खरा होता. साहेबानं आबांकडं पुन्हा पाहिलं.

‘एवढ्याशा गोष्टीसाठी इतका का कापतो हा?’ त्यानं मला विचारलं.

मी मराठीत सांगायच्या आत आबा बोलले.

‘साहेब, मी भित्रा हाय. कुनालाबी इचारा.’

मग मागून एक पोरगी म्हणाली, व्हय साहेब, घारीला भितंय त्ये. आणि सगळ्या हसल्या. भीतीनं आवळून धरलेलं हसू सुटलं ते आवरेना. साहेबाच्या ओठांनाही मुरड पडली. त्यानं पत्रकाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि शेठना एवढंच म्हणाला की या माणसाच्या हातची सिगार मला पुन्हा नको.

शेठनी आबांना त्याच दुपारी काढलं. सिगारवाला रॉकेलच्या हातानं वळतो ही बातमी मिरजेपर्यंत गेली, आणि त्यांना कुणी पाटाजवळ बसू दिलं नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी जिभेला आणि गुडघ्यांना आवरलं होतं, नेमका तोच डाग त्यांनी स्वतःच्या हातानं लावून घेतला होता. जाताना माझ्यापाशी थांबले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, ‘परीक्षा कवा हाय?’ मी म्हणाले, मार्चात. म्हणाले, ‘मग अभ्यास कर.’ आणि गाठोडं बगलेत मारून लंगडत गेले.

शेचाळीस साली माझा निकाल लागला. पदवीचा कागद हातात आल्यावर मी तो गुंडाळला आणि कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसून, चढाला उतरून ढकलत, वडूजला गेले. आबा भावाच्या वस्तीवर राहत होते. उघड्या माळावर एक छप्पर, पुढं मटकीचं वाळलेलं रान. ते आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. पाय उघडे होते, बूट कुठं दिसले नाहीत. गाठोडं सुटलेलं होतं आणि त्याची उशी झाली होती. गुडघ्यांवर दोन काळे डाग कायमचे बसले होते.

मी बसले आणि तीन वर्षं जे बोलले नव्हते ते बोलले. थप्पीत मीच हात घातला होता, आबा.

‘ठावं हाय की,’ आबा म्हणाले. ‘मी रचतो तवा देठं भाईर असत्यात. तू देठं आत घातलीस. खायच्या तंबाखूची रीत, तुझ्या आईची. पोती उचलली नि बघितलं. म्हनलं, ह्या दोघींतलं एक कोन तरी मरतंय आता.’

मी विचारलं, तुम्ही तर इतके भीत होता, मग पळाला का नाही?

आबा म्हणाले, ‘भ्या तर लय वाटलं. दाराशी बसलो असतो तर पळालो असतो. म्हनून पाट आत नेला.’

मी कागद उलगडून त्यांच्या हातात दिला. आबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, गालाला लावून बघितला, पान बघायचे तसा, मग नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग कागद परत दिला आणि मी निघाले. वस्तीच्या वळणावरून मागं पाहिलं, तर ते अजून आपली बोटं हुंगत होते.

त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही. दादा शेवटपर्यंत पकडला गेला नाही. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि शाळेत नोकरीला लागले. आईनं वखार सोडली. आता आमची भाकरी कडू लागत नाही.